दुखायचं थांबतं तेव्हा

सप्टेंबर १८६४. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चाललंय. जॉर्जिया राज्यातलं अँडरसनव्हिल, दक्षिणेच्या सैन्याची युद्धकैद्यांची छावणी. पाइनच्या ओंडक्यांचं उंच कुंपण आणि आत साडेसव्वीस एकर उघडी जमीन. तुम्ही त्या कुंपणाच्या आत आहात. अंगावर उत्तरेच्या सैनिकाचा निळा कोट आहे, तोही बाह्यांपाशी विरलेला. डोक्यावर छप्पर नाही. मधून एक ओढा वाहतो. प्यायचं पाणी त्याचंच, धुणं त्यातच आणि शौचही त्याच्याच काठावर. महिन्यापूर्वी इथे सुमारे ३३,००० युद्धकैदी होते. उत्तरेच्या जनरल शर्मनने अटलांटा घेतल्यावर चालू-फिरू शकणाऱ्यांना दुसऱ्या छावण्यांत हलवायला सुरुवात झाली. मागे राहिले ते बहुतेक आजारी.

ओंडक्याचा आधार घेऊन उठताना लाकडाचं एक कुसळ तुमच्या डाव्या पोटरीत शिरतं. तुम्ही ते नखांनी उपटून टाकता. रक्ताचा एक थेंब येतो, तो बोटाने पुसता. इथून पुढे वर्षं भराभर सरतील, देश बदलतील, पण पोटरीतलं घड्याळ मात्र आपल्याच चालीने चालेल. आत्ता तास शून्य.

वही घेऊन एक एकतीस वर्षांचा डॉक्टर हिंडतोय. हा जोसेफ जोन्स, दक्षिणेच्या सैन्याचा सर्जन. त्याला इथले रोग अभ्यासायला पाठवलंय. त्याच्या मागोमाग कुंपणाबाहेरच्या इस्पितळात शिरा. इस्पितळ म्हणजे फाटके तंबू, जमिनीवर पडलेली माणसं आणि माश्या. जखमा धुणारे लोक स्वतः कैदीच आहेत. स्पंज एक, पाणी तेच. या पायावरून तो स्पंज त्या दंडावर, तिथून तिसऱ्याच्या मांडीवर. ज्या माणसाची जखम काल स्वच्छ लाल होती, तिच्या कडा आज राखाडी झाल्यात, आणि आतलं मांस लगद्यासारखं सुटून येतंय. चरकसंहितेतलं कर्दम विसर्पाचं वर्णन ज्याने वाचलं असेल त्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. मांस चिखल होऊन गळतं, स्नायू आणि शिरा उघड्या पडतात आणि जिवंत माणसाला प्रेताचा वास येतो, असंच त्यातही लिहिलंय.

जोन्स काय लिहितोय ते त्याच्या खांद्यावरून वाचा. मोठ्या जखमांचं सोडाच, साधं खरचटलेलं, लाकडाचं कुसळ लागलेलं, डास चावलेलं, देवीची लस टोचलेलं, अशा जागांवरून सडणं सुरू होतंय. तुमची नजर आपोआप पोटरीकडे जाते. तिथे काहीच दिसत नाही.

जोन्सच्या मते दोष स्कर्व्हीचा, दाटीवाटीचा आणि कुबट हवेचा. त्याला हसू नका. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, टिपणं ठेवायची विलक्षण शिस्त आहे. जंतूंमुळे रोग होतो हा विचार तेवढा अजून वैद्यकात रुजायचा आहे. ग्लासगोत लिस्टर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधेल ती पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. १८७१ साली जोन्सचं टिपण छापून येईल, त्यात 'इस्पितळी गँग्रीन'चे २,६४२ रुग्ण असतील आणि त्यांतले शंभरी ४६ दगावलेले असतील. त्यातला प्रत्येक जण तुमच्या पोटरीत शिरलेल्या रोगाच्या आजच्या व्याख्येत बसेलच असं नाही, पण पुष्कळसे बसतील.

खरा चटका लावणारी गोष्ट दुसरीकडे आहे. उत्तरेच्या बाजूला, लुइव्हिलमध्ये, मिडलटन गोल्डस्मिथ नावाच्या सर्जनने १८६३ सालीच एक अहवाल छापलाय. रुग्णाला गुंगी द्यायची, मेलेलं मांस कापून काढायचं आणि उरलेल्या जागेवर ब्रोमीन लावायचं. त्याच्या रुग्णांतले शंभरी तीनही मेले नाहीत. जंतू त्यालाही ठाऊक नव्हते. पण काय करायला हवं ते त्याच्या हाताला कळलं होतं. युद्ध संपलं, आणि हे हातचं ज्ञान पुढच्या पिढीकडे जेमतेमच पोचलं.

तास सहावा. थोडी थंडी वाजतेय. पोटरी कुणी गच्च आवळून धरल्यागत दुखतेय.

१८८३. पॅरिसमध्ये फार रेंगाळायचं कारण नाही. झाँ आल्फ्रेद फुर्निए हे गुप्तरोगांचे नामवंत डॉक्टर पाच तरुणांविषयी बोलतायत. धडधाकट होते, एकाएकी जननेंद्रियाची सूज आली आणि पाहता पाहता कातडी काळी पडून झडली. कारण सापडत नाही. रोग तोच, जागा वेगळी. त्यांच्या नावाने हा प्रकार आजही ओळखला जातो, पण त्याचा रुग्ण आता बदललाय. तो विशीतला तरुण नसून मधुमेह असलेला पन्नाशी-साठीचा गृहस्थ असतो, आणि 'तिथे' दुखतंय हे घरात सांगायला लाजल्यामुळे त्याचे दोन दिवस गेलेले असतात. आपल्याकडच्या कुठल्याही सर्जनला विचारा. आजाराइतकाच तो या लाजेवरही चिडलेला असतो.

तास विसावा. १९२३ सालचा हिवाळा, पेकिंग.

रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून, एका राजपुत्राच्या जुन्या वाड्याच्या जागेवर पेकिंग युनियन मेडिकल कॉलेज उभं राहिलंय. छपरांवर चकचकीत हिरवी कौलं, आत न्यूयॉर्कच्या तोडीची प्रयोगशाळा. इथवर तुम्ही लंगडत आला आहात. ताप चढलाय. पोटरी कातडीला तुळतुळीत चमक येण्याइतकी सुजलीय. लाली मात्र तळहाताएवढीच, आणि दुखणं असं की पांघरुणाचा स्पर्शही नको. एवढ्याशा लालीला एवढं दुखतं कसं, हा प्रश्न तुम्हालाच पडलाय. या रोगात विचारायचा पहिला प्रश्न हाच.

फ्रँक मेलेनी हे अमेरिकन सर्जन तुम्हाला वॉर्डात घेऊन जातात. चार खाटा बघा. पहिल्या खाटेवरचा माणूस तुमच्यासारखाच: सूज, लाली, ताप, कण्हणं. दुसऱ्याची लाली निळसर व्हायला लागलीय, तिच्या कडा कुठे संपतात ते सांगता येत नाही. तिसऱ्याच्या पायावर फोड आलेत आणि त्यांत गढूळ, काळपट पाणी आहे. चौथ्याच्या पायावरची कातडी काळी पडून मेलीय, भोवती स्पष्ट रेघ उमटलीय. पहिल्या खाटेपासून चौथीपर्यंत अंतर चार-पाच पावलांचं आहे. आजारही तेवढेच दिवस घेतो.

मेलेनी तिसऱ्या खाटेपाशी थांबतात आणि फोडांच्या मधल्या कातडीला सुई टोचतात. माणूस हलत नाही. पुन्हा टोचतात. तो छताकडे बघत राहतो. काल तो ओरडत होता म्हणे. आज त्याला बरं वाटतंय, भूक लागल्यासारखंही वाटतंय. मेलेनींचा चेहरा मात्र उतरलाय. कातडीला संवेदना देणाऱ्या नसा खालून मेल्या, म्हणून दुखायचं थांबलंय.

आता कातडीच्या खाली उतरा, कारण सगळं तिथेच चाललंय. चरबीच्या थराखाली, स्नायूंवर एक पांढरा चिवट पापुद्रा असतो. मटण साफ करताना सुरीने सोलून काढावा लागतो तोच. त्याला रक्तपुरवठा मुळातच कमी. कुसळाबरोबर आत गेलेले जंतू तिथे पोचलेत. ते माळेसारखे एकापुढे एक असतात, स्ट्रेप्टोकोकस त्यांचं नाव. तुमच्या घसादुखीतही कधीकधी त्यांचेच भाऊबंद असतात. त्यांच्या अंगावर एक प्रथिन आहे, त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते सहजी गिळता येत नाहीत. ते पेशींमधला सांधणारा पदार्थ विरघळवणारं रसायन सोडतात, गोठलेलं रक्त पातळ करणारं दुसरं सोडतात, पांढऱ्या पेशी फोडणारं तिसरं. पापुद्र्याच्या पातळीवर ते आडवे पसरत जातात, आणि वर कातडी दिवसभर तरी जवळजवळ जशीच्या तशी राहते. मग त्या थरातून कातडीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. कातडी काळी पडते ती जंतूंनी खाल्ली म्हणून नव्हे; तिचं रक्त तुटलं म्हणून. काळेपणा दिसतो तोवर खालची आघाडी वीतभर पुढे गेलेली असते.

वर्तमानपत्रं ज्याला मांसभक्षक जंतू म्हणतात, त्याचं काम हे असं. भक्षण कमी, नाकेबंदी जास्त. त्यात काही जाती अशी विषं सोडतात की शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी एकदम मोठ्या संख्येने खवळतात. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं थंडावतात. रोग पोटरीतच असतो आणि माणूस मात्र सगळाच्या सगळा आजारी पडतो.

मेलेनींची रीत सोपी आणि निर्दय. पसरलेल्या भागाच्या पलीकडे जाईल इतका लांब छेद घ्यायचा, तो पापुद्र्यापर्यंत खोल न्यायचा, उघडाच ठेवायचा आणि पहिल्या महायुद्धात रूढ झालेलं डेकिनचं क्लोरीनचं पाणी आत सोडत राहायचं. वॉर्डभर ब्लीचिंग पावडरीचा वास आहे तो त्याचाच. पेनिसिलीन नाही, सल्फा नाही, रक्तपेढी नाही, अतिदक्षता विभाग नाही. तरी १९२४ साली ते २० रुग्णांचा लेख लिहितील आणि त्यांतले चार दगावलेले असतील. शंभरी वीस. आज सगळी यंत्रं आणि औषधं असूनही या रोगात बऱ्याच ठिकाणी शंभरी वीस ते तीस माणसं जातात. वीस रुग्ण म्हणजे फार लहान आकडा, त्यावर मनोरे उभारू नयेत हे खरं. तरीही तो आकडा मला स्वस्थ बसू देत नाही. मधल्या शंभर वर्षांत आपण पुष्कळ शोधलं. वेळेवर चालवलेल्या सुरीला पर्याय सापडला नाही.

त्यांच्या टेबलावर झोपायचा मोह होईल. झोपलात तर बरंच. पण प्रवास अजून बाकी आहे.

तास अठ्ठाविसावा, १९५२, डॅलस. विल्सन नावाचे सर्जन या रोगाला आजचं नाव देतायत, नेक्रोटायझिंग फॅसायटिस. आता पेनिसिलीन मिळतं, आणि तुम्ही हात पुढे करून म्हणाल की टोचा आणि मोकळे करा. टोचतीलही. पण शिरेतून गेलेलं औषध रक्तावाटे जातं, आणि जिथे ते हवंय तिथल्या वाहिन्या बुजल्यात. दुसरी अडचण त्याच वर्षी हॅरी ईगल यांना उंदरांत दिसली. पेनिसिलीन वाढणाऱ्या जंतूंना मारतं. जंतूंची गर्दी इतकी दाटली की त्यांची वाढच मंदावते, तेव्हा पेनिसिलीनचा नेम चुकतो. म्हणून पुढे क्लिंडामायसिन जोडीला आलं. ते जंतूंच्या प्रथिनं बनवण्याच्या कारखान्यालाच कुलूप लावतं, त्यामुळे जंतू मरायच्या आधी निदान विष गाळायचं तरी थांबवतात. ही दोन औषधं एकत्र देतात त्यामागचं कारण हे. नातेवाइकांना ते सहसा कुणी सांगत नाही.

तास एकतिसावा. १ डिसेंबर १९९४, माँट्रियल. रस्त्यावर बर्फ, इस्पितळाच्या दारात कॅमेऱ्यांची रांग. आत लुसियँ बुशार आहेत, कॅनडाच्या संसदेतले विरोधी पक्षनेते, क्युबेक प्रांत वेगळा व्हावा म्हणणाऱ्यांचं आशास्थान. त्यांच्या डाव्या पायात स्ट्रेप्टोकोकस शिरलाय. डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वर कापलाय आणि संसर्ग आणखी वर सरकतोय का ते बघतायत. त्यांनी एका चिठ्ठीवर फ्रेंचमध्ये लिहिलं: चालू ठेवा, धन्यवाद. ही सूचना उपचारांसाठी होती की चळवळीसाठी, यावर प्रांतभर चर्चा झाली. ज्याचा पाय नुकताच गेलाय त्याच्या चार शब्दांवर इतकं राजकारण लादणं मला जरा क्रूरच वाटतं, पण लोकांना त्यात हवं ते दिसलं. ते वाचले. वर्षभरात काठी टेकत सभा गाजवल्या, आणि ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात वेगळं होण्याच्या विरोधात ५०.५८ टक्के आणि बाजूने ४९.४२ टक्के मतं पडली.

१९९४ सालीच इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये थोड्या दिवसांत बरेच रुग्ण निघाले होते आणि तिथल्या पत्रांनी भीतीचे मथळे चालवले होते. त्या मथळ्यांनी एक गैरसमज पक्का केला, की हा बाहेरून आलेला कुणी नवा राक्षस आहे. अँडरसनव्हिलचा तंबू तुम्ही पाहिलाय. तुम्हाला ते पटायचं नाही.

तास छत्तिसावा. आजचा दिवस, पश्चिम महाराष्ट्रातलं एक सरकारी रुग्णालय, ऑगस्टमधला पाऊस. रात्रीचे सात वाजून गेलेत. तुम्ही स्ट्रेचरवर आहात. बायको सोबत आहे, मुलगा केसपेपर काढायला गेलाय. शेतात चिखलणी करताना काहीतरी लागलं, असं घरच्यांचं म्हणणं. शेजारच्या म्हातारीने धावरं उठलंय म्हणून लेप दिला होता. गावातल्या डॉक्टरने इंजेक्शन मारलं आणि दुखणं कमी व्हायच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ताप आणि ठणका दोन्ही दडपले, म्हणून आजचा सकाळचा वेळ 'बघू या' म्हणण्यात गेला.

ड्युटीवरची रेसिडेंट फार तर सव्वीसची असेल. "काका, दहापैकी किती दुखतंय?"

"दहाच्या वर घ्या."

ती पोटरी बघते. लाल भाग फार मोठा नाही. लालीच्या बाहेर, जिथे कातडी चांगली दिसते, तिथे ती बोटाने दाबते आणि तुम्ही स्ट्रेचर धरून ओरडता. ती पेन काढून लालीच्या कडेने रेघ मारते, वर वेळ लिहिते: ७.१०. नाडी १२८. रक्तदाब ९० वर ६०. शुगर ३८६.

"शुगर आहे हे माहीत होतं का?"

"नाही हो. कधी तपासलीच नाही," बायको सांगते.

सलाईन सुरू होतं. अँटिबायोटिक जातं, क्लिंडामायसिनही जातं. एक्स-रे होतो. त्यात मांसात हवा दिसली तर निदान पक्कं. न दिसली म्हणून रोग नाही असं ठरत नाही. रक्ताच्या तपासण्यांवरून गुण देऊन धोका ठरवायची एक पद्धत सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००४ साली काढली. ती रेसिडेंटला तोंडपाठ आहे, आणि कमी गुण पडले म्हणून निर्धास्त झोपलेल्यांच्या गोष्टीही.

आठ वाजून पाच मिनिटं. लाली रेघेच्या दोन बोटं पुढे गेलीय. पोटरीच्या मधोमध जांभळट डाग आलाय, शेजारी एक फोड.

आणि दुखायचं थांबलंय. खरंच थांबलंय. दोन दिवसांत पहिल्यांदा तुम्ही पाठ टेकून नीट पडलात. "मॅडम, इंजेक्शनने गुण आला बघा. सकाळी सोडाल ना?" बायकोच्या चेहऱ्यावर उजेड येतो. मुलगा फोनवर कुणाला तरी सांगायला लागतो, आराम पडलाय म्हणून.

रेसिडेंट काही बोलत नाही. सुई घेते, जांभळट डागावर टोचते. "टोचतंय का?"

"कुठे?"

पेकिंगची तिसरी खाट तुम्हाला आठवते, आणि तुमच्या तोंडाला कोरड पडते. ती आधीच फोनवर आहे: "सर, ओटी लागेल. आत्ता. सकाळची यादी नको." पलीकडून काहीतरी विचारलं जातं. "नाही सर, सीटीसाठी थांबत नाही."

मुलगा सही करायला कचरतो. कागदावर लिहिलंय की पाय काढावा लागू शकतो. "एवढंसं लागलंय हो, मॅडम." ती त्याला खुर्चीवर बसवते आणि समजावते, की वर दिसतं त्याहून खाली जास्त सडलंय, उघडून बघितल्याशिवाय किती ते कळणार नाही आणि थांबलो तर पायाबरोबर बाबाही जातील. हे एवढं सरळ बोलायला हिंमत लागते. तिने ते दोन मिनिटांत केलं. तो सही करतो.

साडेनऊला तुम्ही टेबलावर आहात. सर्जन आधी जांभळ्या डागापाशी दोन सेंटिमीटरचा छोटा छेद घेतात, पापुद्र्यापर्यंत. रक्त येत नाही. भांडी धुतलेल्या पाण्यासारखं करडं पाणी झिरपतं. ते बोट आत घालतात. निरोगी पायात हे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, बोट शिरत नाही. इथे ते सरळ वर सरकतं. "झालं," सर्जन म्हणतात आणि मोठी सुरी मागतात.

मग कापणं. कातडी, चरबी, राखाडी झालेला पापुद्रा, सगळं. कुठे थांबायचं याचं माप एकच: कडेला ताजं लाल रक्त यायला हवं आणि पापुद्रा स्नायूवरून सुटता कामा नये. घोट्याच्या वरून सुरुवात होते, गुडघ्याच्या खाली रक्त लागतं. गुडघा वाचतो. सिस्टर नमुना बाटलीत भरून कल्चरला पाठवतात.

मुलाला बाहेर सांगतात की उद्या पुन्हा आत घ्यायचंय. तो हबकतो, त्याला वाटलं होतं एकदा ऑपरेशन झालं की झालं. हे ऑपरेशन एकदा करून संपत नाही. दुसऱ्या दिवशी जखम उघडतात तेव्हा आतल्या बाजूला तीन बोटं लांबीचा पट्टा पुन्हा मेलेला निघतो, तो काढतात. तिसऱ्या दिवशी सगळ्या कडांना रक्त आहे, काही कापावं लागत नाही. कल्चरच्या रिपोर्टवर स्ट्रेप्टोकोकस लिहिलेलं येतं. इन्सुलिनचा डोस ठरतो. मांडीची कातडी काढून पोटरीवर लावायला अजून तीन आठवडे आहेत. प्लॅस्टिक सर्जन मंगळवारी येतात, त्यांच्या यादीत तुमचं नाव घातलंय.